इजिप्तचे लोक मरणाच्या नादी लागले नव्हते

प्राचीन इजिप्तचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, पिरॅमिड परग्रहावरून आलेल्यांनी बांधले. दुसरी, ते लोक मरणाने झपाटलेले होते, आयुष्यभर नुसती कबरीची तयारी करत बसायचे. पहिल्या गोष्टीवर मी आता फार वाद घालत नाही. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावांमधून गिझाला पोचवणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी सापडली आहे. दगड कधी भरला, मुक्काम कुठे पडला, सगळं त्यात लिहिलंय.

दुसरी गोष्ट मात्र मला मनापासून खटकते, कारण ती चांगले वाचणारे लोकही बोलतात.

असं का वाटतं, त्याचं कारण साधं आहे. इजिप्तमध्ये माणसं नाईलच्या काठी मातीच्या विटांच्या घरांत राहायची आणि मेलेल्यांना कोरड्या वाळवंटात, डोंगरात ठेवायची. दरवर्षीच्या पुराने गाळ आणला, त्यावर शेतं झाली, नवी गावं बसली आणि जुनी घरं नाहीशी झाली. डोंगरातल्या कबरी राहिल्या. आपण उरलेलं पाहतो आणि त्यांच्या आयुष्यात तेवढंच होतं असं ठरवून टाकतो.

एक गाव मात्र वाचलं, कारण तेही वाळवंटातच होतं. देर अल-मदिना. लक्झरच्या समोर, नाईलच्या पश्चिम काठावर, डोंगराच्या कुशीत. राजांच्या खोऱ्यातल्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे पाथरवट, चितारी, सुतार आणि कारकून इथे बायकामुलांसह पिढ्यान् पिढ्या राहिले. तटाच्या आत साठ-सत्तर घरं, एकमेकांना भिंती लागून. गावात विहीर नव्हती, पाणी गाढवांवरून यायचं. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ या काळात हे गाव उकरलं. इथे हजारो खापऱ्या आणि चुनखडीच्या चिपा मिळाल्या, त्यांवर लिहिलेलं सगळं: हिशेब, चिठ्ठ्या, भांडणं, उधाऱ्या. कोणाला खरा इजिप्त कळून घ्यायचा असेल तर त्याने तूतनखामुनच्या सोन्याआधी या खापऱ्यांकडे जावं, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये या गावाचा एक हजेरीपट आहे. रामसेस दुसरा या राजाच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाचा, चुनखडीच्या मोठ्या चिपेवर लिहिलेला. चाळीस कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि कारणं तांबड्या शाईत. सेबाला विंचू चावला. हुयनेफरचा डोळा दुखतोय. कोणी आईच्या प्रेताला कापड गुंडाळायला गेलाय, कोणाला बिअर करायची आहे, कोणी आजाऱ्यासाठी औषध कुटतोय. कोणाच्या बायकोला नाहीतर मुलीला पाळी आली आहे म्हणून तो घरी थांबलाय. ही माणसं मरणाची वाट बघत बसलेली वाटतात का तुम्हाला?

आता त्यांच्या श्रद्धेकडे येऊ. मेल्यावर माणसाचं काळीज तराजूत घालतात, दुसऱ्या पारड्यात माअतचं पीस. माअत म्हणजे सत्य, न्याय, जगाची नीट लागलेली घडी. काळीज खोटं ठरलं तर मगरीचं तोंड, सिंहाचे पुढचे पाय आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित ते खाऊन टाकते. हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या वेळी मेलेल्याने काय म्हणायचं असतं ते फारसं कोणी वाचत नाही. मी कोणाला उपाशी ठेवलं नाही. मी कोणाला रडवलं नाही. मी हंगामाचं पाणी अडवलं नाही. मी तराजूच्या वजनात खोट केली नाही. यादी बरीच लांब आहे, तिच्यात देवळाच्या नैवेद्याला हात न लावण्याच्या गोष्टीही आहेत. पण जिवंत माणसांशी कसं वागलात याला तिथे जी जागा आहे ती मला फार मोठी वाटते.

कोणी म्हणेल, मेलेल्याने म्हणायचे हे मंत्र विकत मिळायचे. खरं आहे. नावाची जागा कोरी सोडून तयार केलेल्या गुंडाळ्या सापडल्या आहेत. आपल्या काळजाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर मंत्र कोरलेला दगडी भुंगा ठेवायचे, तेही खरं. पण काळजाला गप्प राहायची विनवणी कोण करतो? ज्याला आपलं काय चुकलंय ते ठाऊक आहे तोच.

आणि “उपाशी ठेवलं नाही” हे शब्द या गावात फार जवळचे होते. रामसेस तिसऱ्याचं एकोणतिसावं वर्ष, म्हणजे सुमारे इ.स.पू. ११५७. कामगारांचा पगार धान्यात असायचा. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती गहू, आपण ज्याला खपली म्हणतो तोच, आणि दीड पोतं जव. शिवाय मासे, भाजी, सरपण. ते धान्य येईना. महिन्याचे अठरा दिवस उलटले तेव्हा सगळे हत्यारं ठेवून निघाले, स्मशानभूमीच्या पाच चौक्या ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. अधिकारी समजवायला आले, शपथा घातल्या. माणसं हलली नाहीत. पुढच्या दिवसांत ती रामसेस दुसऱ्याच्या देवळाकडे गेली. तिथे त्यांनी सांगितलेलं अमेननख्त नावाच्या कारकुनाने लिहून ठेवलंय, तो पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, आज तुरिनच्या संग्रहालयात आहे: आम्ही भुकेपोटी आणि तहानेपोटी इथे आलो. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या धन्याला, राजाला कळवा. वजिरालाही कळवा. आमच्या पोटाची सोय करा.

जगात लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप समजला जातो. थकलेलं धान्य मिळालं, मग पुन्हा थकलं, पुन्हा माणसं बाहेर पडली. मधे ता नावाचा वजीर दक्षिणेत आला होता, राजाच्या कारकिर्दीच्या तीस वर्षांच्या सोहळ्यासाठी देवांच्या मूर्ती न्यायला. गावाकडे तो फिरकला नाही. निरोप धाडला: मी काय तुमचं धान्य हिरावून घेणारा वजीर आहे? कोठारातच काही नाही, सापडेल ते देतो. आणि अर्धा शिधा दिला. सोहळ्याला देव जमवता येतात आणि कबर खोदणाऱ्याच्या घरी गहू पोचत नाही, हे वाचून तीन हजार वर्षांनंतरही मला संताप येतो. ज्या राजाला देव मानायचे, त्याच्या अमर घरावर हेच हात राबत होते. तरी त्यांनी आपल्या हक्काचा गहू मोठ्या आवाजात मागितला. श्रद्धेने त्यांना लाचार केलं नव्हतं.

याच गावचा, संपाच्या दोन शतकांहून आधीचा खा नावाचा मुकादम आणि त्याची बायको मेरित. त्यांची कबर १९०६ साली जशीच्या तशी सापडली. आत पलंग, चादरी, पाव, लसूण, मेरितचा केसांचा टोप त्याच्या पेटीसकट. मेरित ज्या शवपेटीत होती ती मुळात खासाठी केलेली. तिच्यावर नाव त्याचं आहे. ती आधी गेली, बहुधा अचानक, आणि त्याने आपली पेटी तिला दिली. तिच्या अंगाला ती मोठी होत होती, म्हणून मोकळ्या जागेत कापडं भरली.

सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या कबरीत परलोक रंगवलाय. पाण्याच्या पाटांनी वेढलेलं शेत, तो नांगर धरतोय, बायको इयनेफेर्ती मागून बी पेरतेय, तो गहू कापतोय, ती मागून कणसं गोळा करतेय. अंगात पांढरेशुभ्र कपडे. मेल्यावर त्यांना हेच हवं होतं, तीच बायको आणि तोच गहू. जगण्याचा कंटाळा आलेला माणूस असली चित्रं काढत नाही.

आणि नौनख्त. रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी या बाईने गावच्या न्यायसभेपुढे मृत्युपत्र केलं. मी स्वतंत्र बाई आहे, असं ती सुरुवातीलाच सांगते. आठ मुलं वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले, आता म्हातारी झाले तर सगळे माझं बघत नाहीत. ज्याने मला हात दिला त्याला मी देईन, ज्याने दिला नाही त्याला नाही. एका मुलाला तिने वाट्याखेरीज काशाचं भांडं दिलं, काहींना आपल्या मिळकतीतून वगळलं. वर्षभराने तिचा नवरा आणि मुलं न्यायसभेपुढे आली आणि तिने लिहिलंय तसंच करू असं कबूल करून गेली.