'फेविक्विक फासून १,६५० रुपये' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. तुम्ही लिहिलंय की पेन दिसायला छान आहे पण लाकडावर नुसतं फेविक्विक फासून १,६५० रुपये घेतले, आठवड्यात देतो म्हणून तीन आठवडे लावले, आणि दीड महिन्यात क्लिपच्या खाली पांढरा डाग पडला. दोन स्टार. वडिलांच्या रिटायरमेंटची भेट होती, ती कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्या हातात नव्हती, त्याबद्दल मनापासून माफी मागते. उशिराचं आणि डागाचं पुढं सांगतेच पण आधी त्या फेविक्विकचं बोलू द्या, कारण ते वाचून झोप लागली नाही.

होय, ग्लूच आहे. आम्ही कधी लपवलेलं नाही, ऑर्डर घेतानाच सांगितलेलं की शिसवीच्या पेनला सीए फिनिश येईल. सीए म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, आणि फेविक्विक त्याच जातीचं, हे खरं आहे. पण ते लाकूड चिकटवायला नाही वापरलेलं दादा, ते लाकडावरचं कवच आहे. पेन दिवसभर हातात असतो, घाम लागतो, खिशात किल्ल्या आणि नाणी घासतात. मेण लावलं तर सुरुवातीला छान दिसतं आणि वापरात निघून जातं. तेल लावलं तर लाकडाचा स्पर्श मस्त येतो पण घामानं आणि मळानं ते काळपट पडतं. मिरजेत सतारींना फ्रेंच पॉलिश करतात, त्या चमकीला तोड नाही, आम्ही लहानपणापासून बघत आलोय, पण ते लाखेचं पॉलिश असतं, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं, त्याला सॅनिटायझरचा हात लागला की गेलंच. सतार कोण खिशात घालून फिरत नाही. म्हणून पेनाला सीए. वाळलं की कडक, पारदर्शक होतं आणि लाकडाच्या रेषा अजून उठून दिसतात. नुसत्या भारतातच नाही, बाहेर पण पेन कातणारे बरेच लोक हेच फिनिश करतात.

आता ते "फासणं" कसं असतं ते ऐका. आधी लाकडाला भोक पाडून आत पितळेची नळी एपॉक्सीनं बसवायची, ती पक्की झाली की लेथवर कातायचं, मग पॉलिश पेपर १५० नंबरपासून ६०० पर्यंत (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक), आणि प्रत्येक पेपरनंतर लेथ थांबवून रेषांच्या दिशेनं हातानं घासायचं, नाहीतर आडवे ओरखडे ग्लूच्या खाली कायमचे अडकतात आणि उन्हात धरलं की दिसतात. शिसवीत नैसर्गिक तेल असतं, ते अ‍ॅसिटोन या द्रावकानं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर ग्लू धरत नाही, नंतर पापुद्रा सुटतो. मग पातळ सीए, ते छिद्रांत मुरतं, त्यावर जरा घट्ट मिडियम सीए, एकेक कोट टिश्यूवर घेऊन लेथ हळू फिरवत एका दमात इकडून तिकडं. हात थांबला की टिश्यू पेनला चिकटलाच. कापड किंवा कापूस चालत नाही, सीए कापसाला लागलं की एकदम तापतं, चटका बसतो, धूर येतो. म्हणून हातमोजे पण नायट्रिलचे. त्या वाफेनं डोळ्यात पाणी येतं, चष्मा, मास्क आणि पंखा लावून काम करते. असे दहा-बारा कोट झाले की मग खरं काम, पाणी लावून मायक्रोमेशचे, म्हणजे अगदी बारीक घासायचे, पॅड १५०० पासून १२००० पर्यंत क्रमानं, एक पण सोडायचा नाही, शेवटी प्लास्टिक पॉलिश. त्यात कुठं एका जागी जास्त घासलं गेलं आणि लाकूड उघडं पडलं तर तिथं मंद ठिपका दिसतो, मग सगळं उतरवून पहिल्यापासून. एवढं करून किट (क्लिप, टोक असे धातूचे भाग), रिफिल आणि डबी धरून १,६५० होतात. महाग वाटणं तुमचा हक्क आहे, त्याबद्दल राग नाही. पण ५ रुपयाची ट्यूब पिळली आणि झालं असं चार लोकांत लिहिलं की पुढचं गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच परत जातं, आणि आमचं घर यावरच चालतं.

उशिराचं. तुमची ऑर्डर जुलैतली. सांगलीत जुलैत माणूस सकाळी उठून आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतो, हवा किती ओली असते ते तुम्ही इथलेच, तुम्हाला काय सांगायचं. हे ग्लू हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं. ओलावा जास्त असला की पसरायच्या आधीच धरतं, लाटा पडतात, आणि त्याची वाफ परत वर बसून पांढुरकी झाक येते. घाई करून अ‍ॅक्सिलरेटरचा, म्हणजे ग्लू लवकर धरायचा, स्प्रे जास्त मारला तर आत बुडबुडे येतात. आठवड्यात देते म्हणाले होते ते पाऊस उघडला तर, हे फोनवर बोलले होते. तुम्ही रोज फोन करत होता, मला पण वाईट वाटत होतं, पण वडिलांच्या हातात जाणारा पेन धुरकट कसा द्यायचा?

आणि डाग. तुम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं की शाई लागली होती म्हणून घरातल्या नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसला. तो मेसेज माझ्याकडं आहे, इथं टाकणार नाही, तसला स्वभाव नाही. पण रिमूव्हरमध्ये बहुतेकदा अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटोन सीए विरघळवतं, आम्ही बोटाला चिकटलेलं ग्लू त्यानंच काढतो. तुम्हाला माहिती नसणार, मान्य आहे, कोण एवढा विचार करतं. पण रिव्ह्यूत त्याबद्दल एक अक्षर नाही आणि दोष सगळा ग्लूचा, हे मनाला लागलं. शाई लागली तर नुसतं ओलं फडकं आणि लगेच कोरडं करायचं, बास.

इथून पुढं डबीत काय लावू नये याचा एक कागद टाकू, पावसाळ्यात तारीख जरा सैल सांगू, आणि ज्यांना एवढी चमक नको त्यांच्यासाठी मॅटचं पण बघतोय.

तुमचा पेन घेऊन या. डाग वरच्या थरातच असला तर घासून परत कोट देता येतात, खोल गेला असेल तर पार्ट काढून पूर्ण फिनिश नवीन करावं लागेल, दोन्हीचे पैसे घेणार नाही. कुरिअरनं पाठवणार असाल तर जायचा खर्च तेवढा तुमचा, परत पाठवायचा आमचा. रिफिल काढून ठेवा, आणि कृपा करून आता त्याच्यावर दुसरं काही लावून बघू नका. दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, सोमवारी पूर्ण दिवस. पेन हातात पडल्यावर पटलं तर रिव्ह्यूत तेवढं रिमूव्हरचं लिहा, स्टार तुम्हाला द्यायचे तेवढेच राहू द्या.