झाडाचा दाखला

देश सोडून गेलेल्यांनी इथल्या गोष्टींवर मते का द्यावीत, हा वाद आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात दर गणपतीला उकरून काढला जातो. यंदा एका मामेभावाने अब्बास किआरोस्तामी यांनाच साक्षीला आणले. झाड उपटून दुसरीकडे लावले तर ते फळत नाही, आणि फळलेच तरी मूळ जागेची गोडी त्या फळाला येत नाही, असे हा इराणी दिग्दर्शक सांगे आणि १९७९ च्या क्रांतीनंतरही तो इराणमध्येच राहिला.

त्याच आठवड्यात टोरांटोत शेजारच्या इराणी दांपत्याकडे सैफुल्ला समदियान यांचा 'किआरोस्तामींसोबत ७६ मिनिटे आणि १५ सेकंद' हा माहितीपट पाहण्याचा योग आला. किआरोस्तामी ४ जुलै २०१६ रोजी पॅरिसमध्ये गेले आणि त्याच वर्षी हा माहितीपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. समदियान त्यांचे मित्र. युगांडात चित्रित झालेल्या 'एबीसी आफ्रिका'च्या वेळीही ते कॅमेरा घेऊन बरोबर होते. त्यामुळे इथे थोरवी गाणारे कोणी नाही, फक्त कामात गढलेला, बर्फातल्या रस्त्यांची छायाचित्रे टिपणारा एक माणूस आहे. श्रद्धांजलीपर माहितीपटांना कंटाळलेल्या मला हे फार भावले.

मामेभावाचा दाखला मात्र अर्धाच आहे. याच माणसाने २०१० मध्ये 'सर्टिफाइड कॉपी' इटलीत केला आणि २०१२ चा 'लाइक समवन इन लव्ह' जपानमध्ये, तोही जपानी भाषेत. मायदेशातल्या चित्रपटगृहांत त्यांचे उत्तरकाळातले चित्रपट जवळजवळ लागलेच नाहीत. म्हणजे झाड जागेवर होते, पण फळे चाखायला घरची माणसे नव्हती. शिवाय राहणे आणि जाणे यांची किंमत तिथे वेगळी आहे. २०१० मध्ये चित्रपट करण्यावर बंदी आल्यावरही इराणी दिग्दर्शक जाफर पनाही लपूनछपून काम करत राहिले, तर दुसरे दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ २०२४ मध्ये शिक्षा टाळण्यासाठी डोंगर ओलांडून पायी निघून गेले. आम्ही नोकरीचे पत्र हातात घेऊन विमानात बसलो. त्यांच्या पंक्तीला आम्ही बसू नये, आणि पुण्यात बसून मामेभावानेही बसू नये.

पडद्यावर बर्फातला रस्ता आला तेव्हा खडीसाखर दातांत धरून चहा पिणाऱ्या शेजाऱ्यांनी चित्र थांबवले. हा रस्ता तेहरानजवळच्या लवासानकडचा की आणखी कुठला, यावर नवराबायकोची फारसीत जुंपली, आणि तेवढाच तुकडा त्यांनी तीनदा मागे नेऊन पाहिला.