क्लच सुटेना

सिग्नल लाल होता. क्लच मी पूर्ण आवळला होता, बोटं मुठीवरच्या फोममध्ये रुतेपर्यंत. आणि मोटरसायकल पुढे चालली होती.

फार नाही. दाव्याला हिसका देत कडब्याकडे सरकणाऱ्या बैलासारखी, इंचाइंचाने. ब्रेक दाबला की इंजिन गुदमरायचं, सोडला की समोरच्या कारच्या नंबर प्लेटवरचे आकडे मोठे व्हायचे. म्हटलं, न्यूट्रल करू. पायाने गिअर वर उचलला, दुसरा पडला. खाली दाबला, पहिला. वर, दुसरा. खाली, पहिला. न्यूट्रल या दोघांच्या मध्ये राहतं एवढं माहीत होतं, पण त्या दिवशी ते घरी नव्हतं. मागून बघणाऱ्याला मी शिवणयंत्र चालवतोय असंच वाटलं असणार. सिग्नल हिरवा झाला तेव्हा मला दुसरा गिअर पडलेला होता, त्यामुळे निघायच्या वेळी गाडी बंद पडली. ज्या गाडीला आत्तापर्यंत थांबायचं नव्हतं, तिला आता हलायचं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला घेतली. बंद इंजिनावर सहज पाय लावला, तर न्यूट्रल पहिल्या फटक्यात पडलं. हिरवा दिवा लागला. न्यूट्रलचा इतका निरागस दिवा मी पाहिलेला नाही.

हीच या दुखण्याची पक्की खूण, हे मला पुढे कळलं. इंजिन बंद असताना न्यूट्रल लोण्यासारखं पडतं आणि चालू असताना सापडत नाही, म्हणजे बहुतेक वेळा गिअरबॉक्स निर्दोष असतो. क्लच पूर्ण सुटत नसतो, म्हणजे इंजिन चाकापासून वेगळं होत नसतं. पण त्या दिवशी मी गिअरबॉक्सला बरंच काही बोललो.

इथे भाषेची एक गंमत आहे. आपण क्लच पकडला की तो सोडतो, आणि आपण सोडला की तो पकडतो. त्यामुळे दुसऱ्याला दुखणं सांगायची सोय नाही. शेजारच्या नानांना म्हटलं, "क्लच पकडला तरी सोडत नाही." नाना म्हणाले, "म्हणजे स्लिप होतोय." म्हटलं, "नाही, स्लिप म्हणजे सोडला तरी पकडत नाही." नाना म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी." खरं तर ही दोन दुखणी एकमेकांची वैरी. स्लिप होणाऱ्या क्लचवर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. चिकटणाऱ्या क्लचवर इंजिन गप्प असतं आणि गाडी चालू लागते. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की रोग वाढतो. नानांनी मला पुढचे पंधरा दिवस एकाचं औषध दुसऱ्याला दिलं.

नानांचं निदान: ऑइल. नानांच्या मते जगात एकच आजार आहे आणि तो ऑइलचा. त्यांच्याकडे कारचं उरलेलं ऑइल होतं, ते घाल म्हणाले. हे मात्र मी ऐकलं नाही, कारण मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इंजिनला मानवतात आणि क्लचच्या आतल्या चकत्या, म्हणजे प्लेटा, घसरायला लागतात. म्हणून मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण छापलेली शोधायची असते. म्हणजे कारच्या ऑइलने माझा क्लच चिकटायचा थांबला नसता, वर स्लिपही झाला असता. एकाच गाडीत दोन्ही आजार, मग नानांना दोन्ही बाजूंनी बरोबर ठरता आलं असतं.

योग्य ऑइल आणून बदललं. नानांच्या देखरेखीखाली. "अजून थोडं घाल, इंजिन प्यायला मागतंय," असं म्हणत त्यांनी पातळी खुणेच्या वर नेववली. ऑइल जास्त झालं किंवा थंडीत घट्ट झालं तरी प्लेटा एकमेकींना ओढत राहतात, त्यामुळे वरचं ऑइल मला चोरून, नाना आत गेल्यावर काढावं लागलं.

सकाळचा प्रकार तर वेगळाच. रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा ऑइलच्या थराने एकमेकींना धरून बसायच्या. गाडी चालू करून पहिला गिअर टाकला की 'धडाड' आवाज करून गाडी एक उडी मारायची आणि बंद पडायची. यावर साधा उपाय आहे: गाडी चालू करण्याआधी गिअर टाकायचा, क्लच पकडायचा आणि गाडी मागेपुढे ढकलायची, प्लेटा सुटतात. मी तो रोज करू लागलो. पहाटेच्या अंधारात एक मध्यमवयीन गृहस्थ हेल्मेट घालून बंद मोटरसायकल मागेपुढे झुलवतोय. तिसऱ्या दिवशी गॅलरीतून आवाज आला, "अहो, झोपली का ती?"

मग केबल. केबलची तक्रार सर्वात सोपी, म्हणून सगळ्यात आधी तिलाच बघायला हवं होतं, पण तेवढं शहाणपण मला कुठलं. लिव्हरला थोडा 'प्ले' ठेवावा लागतो, म्हणजे लिव्हर ओढायला लागल्यावर आधी थोडी मोकळी चाल आणि मग केबलला ताण. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर लिहिलं होतं. प्ले फार वाढला तर लिव्हरची अर्धी चाल नुसती ढिलाई गोळा करण्यात जाते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. अगदीच नसला तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो आणि स्लिप होतो.

प्ले कमीजास्त करायला लिव्हरपाशी एक फिरकी असते, खाली इंजिनपाशी दुसरी. वरची फिरवली. चुकीच्या दिशेने. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसती सरकत नव्हती, निघालीच होती. उलट फिरवली, आणखी फिरवली, पार संपेपर्यंत. चमत्कार झाला! न्यूट्रल पडलं. गाडी शहाण्यासारखी उभी राहिली. आनंदाच्या भरात चढावर घेतली, तर इंजिन किंचाळतंय आणि गाडी आपली गोगलगायीच्या चालीने. नाना जिंकले होते. स्लिप झाला होता.

प्ले पुन्हा मोजून मापून १५ मिलिमीटरवर आणला. स्लिप गेला, चिकटणं परत आलं. या क्षणी कोणाही विचारी माणसाला कळायला हवं होतं की प्ले काढला की क्लच सुटतो, म्हणजे गोष्ट कुठेतरी चालीतच अडली आहे. मी विचारी माणूस नव्हतो. मी केबल बदलली. जुन्या केबलच्या टोकाशी तीन तारा तुटल्या होत्या, त्या मी घरी सगळ्यांना दाखवल्या, पुरावा म्हणून. नवी केबल टाकली. फरक शून्य.

मग भाचा आला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाला उघडता येणारी कुठलीही वस्तू बंद बघवत नाही. त्याने लिव्हरला हातही लावला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मामा, प्लेटा वाकल्यात. क्लच खोलू."

"अरे, ऑइल आत्ताच नवीन घातलंय."

"सांडणार नाही. साइड स्टँडवर डावीकडे कलती ठेवू, ऑइल तिकडे जाईल. क्लच उजवीकडे आहे."

हे मला आवडलं. मुलगा शिकतोय असं वाटलं. कव्हरचे बोल्ट निघाले, कव्हर निघालं, आणि सांध्यातून ऑइल गळू न देणारं गॅस्केट अर्धं कव्हरला आणि अर्धं इंजिनला चिकटून राहिलं. ते खरवडण्यात एक अख्खी दुपार गेली. त्या दुपारीबद्दल मी इथे लिहीत नाही.

आत मात्र बघण्यासारखं होतं. एक डबा, त्यात घर्षणाच्या पाच प्लेटा आणि त्यांच्या अधूनमधून पोलादाच्या चार, वर प्रेशर प्लेट आणि चार स्प्रिंगा. लिव्हर ओढली की प्रेशर प्लेट वर उचलली जाते आणि सगळ्या प्लेटा मोकळ्या होतात. भाच्याने तिथेच गणित घातलं. प्रेशर प्लेट उचलली जाते ती जेमतेम दीड मिलिमीटर. घर्षणाच्या पाच प्लेटांच्या दहा बाजू, म्हणजे दहा फटी. एका फटीच्या वाट्याला ०.१५ मिलिमीटर. साध्या कागदाची जाडी असते ०.१ च्या आसपास. म्हणजे मी आयुष्यभर ज्याला 'क्लच दाबणं' म्हणत आलो, त्याने आत जो काही मोकळेपणा येतो तो दीड कागदाचा. या दीड कागदाच्या भरवशावर मी ट्रकांच्या मागे उभा राहत होतो.

प्लेटा सपाट आहेत का हे बघायला सपाट काच हवी. घरातली सगळ्यात सपाट काच आमच्या लग्नाच्या फोटोवर होती. फोटो खाली उतरला. पोलादी प्लेट काचेवर ठेवून भाचा तिच्या कडेखालून फट मोजायच्या फीलर गेजचं पातं घालून बघत होता. मर्यादा होती ०.२ मिलिमीटर. पातं कुठेच शिरेना. चारही प्लेटा सरळ. प्लेटखालून आम्ही दोघं हार घालून बघत होतो, ऑइलने माखलेले. हिने येऊन पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आमच्यातलं वाकडं कोण ते निघालं का?"

भाचा हिरमुसला. मग त्याने डब्याच्या कडेच्या उभ्या बोटांवर नख फिरवून बघितलं. प्लेटांचे कान या बोटांवर आपटून आपटून खाचा पाडतात आणि मग क्लच उचलला तरी प्लेटा त्या खाचांत अडकून बसतात. हेही चिकटण्याचं एक प्रसिद्ध कारण. खाचा होत्या, पण नखाला जेमतेम लागतील इतक्या. तो म्हणाला, "मामा, कानस मारू का?" कानशीचा कीस इंजिनात गेला तर काय, हा विचार मला आला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर विचार केला याचा मला अभिमान आहे. कानस मी खिशात घालून ठेवली. रात्री जेवतानाही खिशातच होती.

पुन्हा जोडलं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळले, म्हणजे प्रेशर प्लेट तिरकी बसत नाही. नवं गॅस्केट. सगळं झाल्यावर एकही बोल्ट उरला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. गाडी चालू केली, क्लच पकडला, पहिला गिअर.

धडाड.

गाडीने उडी मारली. नाना गॅलरीतून म्हणाले, "मी म्हटलं होतं, ऑइल."

भाचा बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मग उठला, गाडीवर बसला आणि त्या पंधरवड्यात पहिल्यांदा कोणीतरी नीट बघत लिव्हर ओढली. एकदा. दोनदा. मग तिथे डोळा नेऊन.

"मामा, हे काय आहे?"

"काय?"

"हे. मुठीवर."

ते फोमचं होतं. महिनाभरापूर्वी लांब पल्ल्यावर हातांना मुंग्या येतात म्हणून मी मुठींवर जाड फोमच्या नळ्या चढवल्या होत्या. मऊ, गुबगुबीत. लिव्हर ओढली की ती फोमवर जाऊन टेकायची, मी आणखी आवळायचो, फोम थोडा दबायचा आणि मला वाटायचं क्लच पूर्ण दाबला. मूठ अजून एक बोटभर लांब होती. मी प्ले मोजला होता, फूटपट्टीने, तीनदा. चाल कुठून सुरू होते ते मोजलं होतं. ती संपते कुठे, हे मोजायचं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं, आणि ते बरोबरच आहे, कारण मॅन्युअल लिहिणाऱ्याने मुठीवर गादी घातली नव्हती.

भाच्याने डाव्या मुठीवरचा फोम ओढून काढला. क्लच पकडला. लिव्हर मुठीला टेकली, 'टक' असा छोटा आवाज झाला. गिअर टाकला. उडी नाही, धडाड नाही. पायाच्या अंगठ्याने अर्धा उचलला, आणि चालू इंजिनावर हिरवा दिवा लागला.

आम्ही दोघं काही वेळ त्या फोमच्या नळीकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "मामा, आईला सांगू नका, आपण क्लच खोलला ते." म्हटलं, तूही मामीला सांगू नकोस, का खोलला ते. पण फोटोच्या काचेला कोपऱ्यात एक तडा गेलाय, तेव्हा सगळं कळणारच होतं. कळलं.

नाना दोन दिवसांनी खाली भेटले. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. "फरक पडला ना ऑइलने?"

"पडला, नाना."

उजव्या मुठीवरचा फोम अजून आहे, तिकडे क्लच नाही. डाव्या हाताला पुन्हा मुंग्या येतात. पण आता सिग्नलला गाडी न्यूट्रलला उभी राहते, त्यामुळे मला हात काढून झटकता येतो.