घोडा बांधलेला नव्हताच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आधी बुद्धिबळाचा पट मांडला. तुमचं बरोबर आहे. तो घोडा बांधलेला नव्हता.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सातवीतला माझा भाचा ऑनलाइन एक डाव हरला, आणि त्यातली चूक एआयकडून कशी समजावून घेतली ते मी लिहिलं होतं. त्यावर सरांचे तीन आक्षेप आहेत. एआयचं कारणच खोटं आहे आणि मी ते न तपासता छापलं. चूक दाखवायला स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन आहे, मग मध्ये हा बडबड्या एआय कशाला? आणि आयतं कारण मिळालं की पोरं डोकं चालवणं सोडतील; ‘आम्ही एकेक डाव वहीत उतरवून आठवडाभर त्याच्याशी झुंजायचो.’

आधी पहिलं, कारण चूक माझी आहे. डावाची सुरुवात ‘दोन घोड्यांचा बचाव’ या नावाची. पांढऱ्याचा उंट सी-४ वर, घोडा जी-५ वर, दोघांचा डोळा एफ-७ वर. काळ्याने डी-५ ला प्यादं सरकवलं, पांढऱ्याने ते मारलं, आणि भाच्याने एफ-६ च्या घोड्याने ते परत घेतलं. पुढे काय होतं ते तुम्हाला पाठ असेल: पांढरा घोडा एफ-७ वर आपटतो, राजा तो मारतो, वजीर एफ-३ वर शह देतो.

एआयने लिहिलं होतं, ‘घोड्याने मारणं चूक, कारण डी-५ वरचा घोडा बांधला जातो.’ बांधला म्हणजे हलला तर मागच्या राजाला शह बसेल, म्हणून जागीच अडकला. मला ते पटलं, कारण या सापळ्यात घोडा बांधलेला मी कैक वेळा पाहिलाय. पण तुम्ही विचारलंत, राजा ई-८ वर असताना सी-४ चा उंट डी-५ चा घोडा कोणाला बांधणार? कोणालाच नाही. राजा एफ-७ वर पांढरा घोडा मारतो, तेव्हा कुठे उंट, घोडा आणि राजा एका तिरक्या रेषेत येतात; शह बसल्यावर घोडा वाचवायला राजा ई-६ वर आला तरी ती रेष सुटत नाही. कारण खरं होतं, पण नंतरच्या पटावरचं. अशी चूक पकडायला सगळ्यात अवघड, कारण तिला खऱ्याचा वास असतो. लेखात दुरुस्ती टाकली आहे.

(भाषेचं तर विचारूच नका. बांधलेल्या मोहऱ्याला इंग्रजीत ‘पिन’ म्हणतात, म्हणून त्याने एकदा ‘टाचणी लागली आहे’ असं म्हटलं. भाचा दोन दिवस हसत होता.)

पण दुसरा आक्षेप मला मान्य नाही. स्टॉकफिशने भाच्याच्या त्या घोड्याने मारण्याच्या चालीला प्रश्नचिन्ह दिलं आणि बाण दाखवला: सी-६ चा घोडा ए-५ वर. आता पोराच्या जागी बसून बघा. आपणच त्याला पढवलंय की घोडा कडेला नेऊ नकोस. आणि ही चाल तर प्यादंही परत घेत नाही. त्याने विचारलं, ‘मामा, प्यादं सोडून घोडा कडेला कशाला न्यायचा, सांग की.’ इंजिनाकडे याचं उत्तर आकडा आहे. तो आकडाही आता सरळ प्याद्यांचा हिशेब राहिलेला नाही. २०२० पासून स्टॉकफिशच्या मूल्यमापनात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेलं गणित, आलंय, आणि पुढे त्यांनी मोजपट्टी जिंकण्याच्या शक्यतेशी जोडली. आकडा चोख असतो. त्यातून ‘का’ मात्र निघत नाही.

डिसेंबर २०२४ मधला सिंगापूरचा, जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव आठवा. चीनच्या डिंग लिरेनने हत्ती एफ-२ वर आणला आणि घरी बसलेल्या सगळ्यांच्या पडद्यावर आकडा उसळला. गुकेशपुढे मात्र आकडा नव्हता. त्याला स्वतःला दिसावं लागलं की हत्ती गेले की डी-५ वर उंटांची अदलाबदल टळत नाही, कारण पांढऱ्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात अडकलाय, आणि मग उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात जास्तीचं एक प्यादं पुरतं. माझ्या भाच्याला शिकायचंय ते हे वाक्य.

हे वाक्य सांगणारा माणूस शेजारी असेल तर एआयची काही गरज नाही. तुमच्याकडे शिकलेल्या पोरांना ते नशीब मिळालं. आमच्या गल्लीत रात्री नऊला यंत्रमागाच्या खडखडाटात मोबाइलवर खेळणारी पोरं आहेत, काहींच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी. त्यांना इंग्रजीतल्या दोन ओळींपेक्षा मोडकंतोडकं का होईना, मराठीतलं कारण हवं असतं.

फक्त एआयला पटावरचं दिसतं असं समजू नये. मी समजलो, तिथेच फसलो. ते बुद्धिबळाबद्दल लिहिलेलं वाचून तसंच बोलायला शिकलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा भाषा-मॉडेल्सची आपसात स्पर्धा झाली, त्यात एक मॉडेल नियमात न बसणाऱ्या चाली करून चारही डाव हरलं. आपल्याकडे असा खेळाडू सोलापूरच्या पार्क चौकात चहा पिण्यापुरताही टिकला नसता.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेनंतर पद्धत बदलली. ‘चूक काय झाली?’ असं मोकळं विचारत नाही. पटाची पूर्ण स्थिती देतो, इंजिनाची चार-पाच चालींची ओळ देतो, आणि म्हणतो, एवढ्याच ओळीचं कारण सांग. काल त्याने सांगितलं: वजीर एफ-३ वर येतो तेव्हा एकाच चालीत राजाला शह आणि डी-५ च्या घोड्यावर दुसरा मारा, उलट ए-५ वरचा घोडा सी-४ च्या उंटावर चालून जातो, उंटाला हलावं लागतं, आणि त्या मिळालेल्या वेळेची किंमत म्हणून काळा एक प्यादं सोडतो. प्रत्येक वाक्य खऱ्या पटावर बोट ठेवून तपासलं. यावेळी सगळं बसलं.

तिसऱ्या आक्षेपावर मी निम्मा तुमच्या बाजूला आहे. पहिले काही दिवस भाचा डाव संपला की सरळ एआयला विचारायचा, आणि संध्याकाळी तीच चूक पुन्हा करायचा. आता वही आणली आहे, दोनशे पानी. आधी स्वतःचं कारण पेनाने, मग इंजिन, मग एआय. पहिल्या पानावर त्याचं कारण आहे, ‘मला वाटलं प्यादं फुकट आहे.’ एआयच्या लांबलचक उत्तरापेक्षा मला ते जास्त उपयोगाचं वाटलं. डाव चालू असताना मदत घेण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ती चोरीच, तिथे वादच नाही.

एक अडलंय. राजा ई-६ वर आल्यावर पांढरा दुसरा घोडा सी-३ वर आणतो. तिथे भाचा हट्टाने म्हणतो की सी-६ चा घोडा बी-४ ला नेऊन काळा तग धरतो, एक मोहरा जास्त आहे ना. इंजिन नकाराची मान हलवतं, एआय दरवेळी वेगळं बोलतं. रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला येत असाल तर पट घेऊन येतो. पांढऱ्याकडून तुम्ही बसा.