तुलनात्मक राजकारण म्हणजे परदेशी राज्यघटनांचे पाठांतर नव्हे

राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांमध्ये दरवर्षी एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: तुलनात्मक राजकारण म्हणजे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड, चीन यांच्या राज्यघटनांची माहिती, ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नासाठी दोन रकान्यांचे तक्ते पाठ केले की विषय संपतो. भारत इतका वेगळा आहे की त्याची तुलना कोणाशी होऊच शकत नाही. राजकारणाला प्रयोगशाळा नाही, त्यामुळे तुलनेतून काही सिद्ध होत नाही. सिद्धांत सगळे पाश्चात्त्यांचे आहेत आणि स्पर्धा परीक्षेत त्यांचा उपयोग नाही. मी हा विषय शिकवतो, आणि यातला एकही मुद्दा मला टिकणारा वाटत नाही. मात्र पहिल्या मुद्द्याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही, कारण तो समज आपल्या प्रश्नपत्रिकांनीच पोसला आहे.

तक्त्यातली एक ओळ घेऊ. जर्मनीत चॅन्सेलरच्या, म्हणजे सरकारप्रमुखाच्या, जागी कोण येणार हे त्याच मतदानात ठरल्याशिवाय त्याच्याविरुद्धचा अविश्वास ठराव मंजूर होत नाही. ही ओळ पाठ असली की एक गुण मिळतो. पण तुलना त्या ओळीनंतर सुरू होते. हा नियम का आला? वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन लोकशाहीत, एकमेकांचे कट्टर विरोधी असलेले पक्ष सरकार पाडण्यापुरते एकत्र येत आणि नवे सरकार बनवण्याची वेळ आली की पांगत. त्या अनुभवातून 1949 च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मन राज्यघटनेत, 67 वे कलम आले. त्या कलमाखाली आजवर एकच सरकार बदलले, 1982 मध्ये, जेव्हा हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले. आता आपल्याकडचा 17 एप्रिल 1999 चा दिवस आठवावा. वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले, पर्यायी सरकार कोणालाच उभे करता आले नाही आणि देश पुन्हा निवडणुकीला सामोरा गेला. जर्मनीतला नियम आपल्याकडे असता तर हे टळले असते का, असे वर्गात विचारले की बहुतेक जण लगेच होकार देतात. मग बारकाईने पाहिल्यावर लक्षात येते की लोकसभेत त्या दिवशी अविश्वास ठराव नव्हता, सरकारनेच मांडलेला विश्वासदर्शक ठराव होता. आणि विश्वासदर्शक ठरावासाठी जर्मनीतही 68 वे कलम वेगळे आहे, ज्याखालचे मतदान हरल्यानंतर 2005 मध्ये चॅन्सेलर श्रोडर यांच्या आणि 2024 मध्ये शोल्झ यांच्या काळात संसद विसर्जित होऊन मुदतपूर्व निवडणुका झाल्या. म्हणजे ठराव कोण मांडतो, तो हरल्यावर राजीनामा द्यावाच लागतो का, आणि सभागृह विसर्जित करण्याचा निर्णय कोणाच्या हाती असतो, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. दोन रकान्यांचा तक्ता इथवर पोहोचत नाही.

भारताची तुलना होऊ शकत नाही, हा दुसरा मुद्दा तर आपल्या राज्यघटनेच्या जन्मकथेलाच धरून नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकन, स्विस आणि ब्रिटिश कार्यकारी मंडळांची तुलना केली होती. पहिल्या दोन पद्धतींत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक आणि स्थैर्य कमी, असे सांगून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप का दिले, हे त्यांनी स्पष्ट केले. पुढे 1955 मध्ये भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तिकेत त्यांनी जर्मनी, फ्रान्स, इटली यांच्याकडे बोट दाखवून ‘एक राज्य, एक भाषा’ हे तत्त्व मांडले आणि जुनी ऑस्ट्रियन व तुर्की साम्राज्ये बहुभाषिक असल्यामुळे फुटली, असा आधार दिला. हा आधार कितपत भक्कम आहे यावर वाद घालावा, जरूर घालावा. पण महाराष्ट्राचा प्रश्न तुलनेच्या वाटेनेच सोडवू पाहिला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

त्याच भाषेच्या प्रश्नावर थोडे थांबू, कारण प्रयोगशाळा नसल्याच्या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही तिथेच आहे. 1956 हे वर्ष घ्यावे. भारतात दार आयोगाने आणि जेव्हीपी (जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, पट्टाभि सीतारामय्या) समितीने आधी भाषावार राज्यांच्या धोक्याचे इशारे दिलेले असतानाही त्या वर्षी राज्य पुनर्रचना कायदा झाला; मराठी आणि गुजराती भाषकांना मात्र द्वैभाषिक मुंबई राज्यात ठेवले गेले आणि 1 मे 1960 उजाडण्यापूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला शंभरावर माणसे गमवावी लागली. त्याच वर्षी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, बंडारनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवली. त्याच वर्षी पाकिस्तानच्या पहिल्या राज्यघटनेने उर्दूबरोबर बंगालीलाही मान्यता दिली. तिन्ही देश ब्रिटिश अमलातून नुकतेच बाहेर पडलेले आणि तिन्हींपुढे प्रश्न एकच. पुढे भारतातली भाषिक राज्ये संघराज्यात रुजली, श्रीलंकेत 1983 ते 2009 असे यादवी युद्ध चालले आणि पाकिस्तान 1971 मध्ये दुभंगला.

यावरून पहिले अनुमान निघते की भाषेला मान्यता दिली तर देश टिकतो आणि नाकारली तर तडा जातो. पाकिस्तानचे उदाहरण हे अनुमान अडवते, कारण तिथे बंगालीला उशिरा का होईना मान्यता मिळाली होती. दुसरे अनुमान लोकसंख्येचे. सिलोनमध्ये सिंहली भाषक सुमारे 70 टक्के होते, तर भारतात हिंदीसह कोणत्याच भाषेच्या वाट्याला निम्मी लोकसंख्या आली नाही. म्हणून एका भाषेची सक्ती इथे राजकीयदृष्ट्या परवडणारी नव्हती. हेही पुरते लागू पडत नाही, कारण पाकिस्तानात डावलले गेलेले बंगाली भाषक बहुसंख्य होते. तेव्हा तिसऱ्या कारणाकडे वळावे लागते, ते म्हणजे सत्तेतला वाटा. पूर्व बंगालला भाषेची मान्यता मिळाली, पण लष्कर आणि नोकरशाही पश्चिम पाकिस्तानच्या हातात राहिली आणि 1970 ची निवडणूक पूर्वेच्या अवामी लीग या पक्षाने बहुमताने जिंकूनही सत्ता तिच्या हाती दिली गेली नाही. भारतात भाषिक राज्याबरोबर निवडून आलेले विधिमंडळ आणि मुख्यमंत्रीही आले. एक कारण दुसऱ्या देशाच्या उदाहरणावर घासून पाहणे, ते टिकले नाही तर सोडणे किंवा सुधारणे, ही शिस्त प्रयोगशाळेइतकी पक्की नाही. पण एकाच देशाकडे पाहून काढलेल्या ठाम निष्कर्षापेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे.

सिद्धांत पाश्चात्त्यांचे आहेत, या तक्रारीत तथ्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरिस ड्युव्हर्जे यांनी 1951 मध्ये मांडले की एकसदस्यीय मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येत असेल, तर द्विपक्ष पद्धती आकार घेते. आपली निवडणूक पद्धत नेमकी तशी आहे आणि आपल्या लोकसभेत मात्र कितीतरी पक्ष आहेत. केरळात दोन आघाड्या, तमिळनाडूत दोन द्रविड पक्ष, राजस्थानात काँग्रेस आणि भाजप अशा राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या जोड्या एकत्र मोजल्या की राष्ट्रीय पातळीवर बहुपक्षीय चित्र दिसते. भारताच्या उदाहरणाने तो सिद्धांत कोणत्या पातळीवर लागू होतो याची मर्यादा आखून दिली. आणि भारतीय राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी 1964 मध्ये मांडलेली ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना तर एकपक्षवर्चस्वाच्या अभ्यासात भारताबाहेरही वापरली गेली.

राहिला स्पर्धा परीक्षांचा मुद्दा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमध्ये भारतीय घटनात्मक व्यवस्थेची इतर देशांशी तुलना हा घटक स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांच्या दुसऱ्या पेपरची सुरुवातच तुलनात्मक राजकारणाने होते आणि त्यात तुलनात्मक पद्धतीच्या मर्यादा हाही एक उपघटक आहे. त्यावर उत्तर लिहिताना तक्ता हाताशी येत नाही. सिलोनवरून काढलेले अनुमान पाकिस्तानपाशी का अडले, हे सांगता यावे लागते.