वाचक हवा असतो, यात लपवायचं काय?

'मी स्वतःसाठी लिहिते,' असं ब्लॉग लिहिणारी माणसं हमखास सांगतात. मीही बरीच वर्षं सांगत होते. आता सांगत नाही. स्वतःसाठीच लिहायचं तर वही पुरते. 'प्रकाशित करा'वर बोट ठेवलं की आपण कुणाला तरी हाक मारलेली असते. ज्ञानेश्वरांनीसुद्धा नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागितलं आहे. मग तुम्हीआम्ही का लाजायचं?

मी ब्लॉग सुरू केला २००९ साली. तेव्हा बराहा किंवा गमभन या मराठी टंकायच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकायचं आणि ब्लॉगरवर नेऊन चिकटवायचं. 'मराठी ब्लॉग विश्व'च्या यादीत नाव झळकलं की त्या दिवशी चार नवी माणसं डोकावून जायची. काही जण गूगल रीडरमधून, म्हणजे सगळ्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणाऱ्या सोयीतून, नेमानं वाचायचे. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला आणि ती माणसं कुठे पांगली कळलंच नाही. बहुतेक इथेच, सोशल मीडियावर आली. मीही आले.

इथे वाचक आहेत, भरपूर आहेत, आणि मनापासून वाचणारे आहेत. पण इथलं लिखाण दोन दिवसांत खाली जातं. सहा महिन्यांपूर्वीची माझीच पोस्ट मला शोधून सापडत नाही. ब्लॉगवर पहिल्या दिवशी कुणी फिरकत नाही, पण लेख आपल्या जागेवर बसून राहतो. याचं मोल मला एका लेखानं दाखवलं.

लहानपणी मे महिन्यात गुहागरला आजोळी गेलं की एक दिवस दापोलीच्या मावशीकडे जायचं ठरलेलं. एसटीनं धोपाव्यापर्यंत, तिथून वाशिष्ठीच्या खाडीतून तरीनं (तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी) दाभोळ. चपला हातात घेऊन पोटरीभर पाण्यातून चालत जायचं. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आधी आईच्या हातातली पिशवी घ्यायचा, मग मला काखेत धरून उचलून आत ठेवायचा. फळीवर बसलं की ओल्या लाकडाचा आणि सुक्या मासळीचा वास यायचा. समोर दाभोळच्या किनाऱ्यावरची जुनी मशीद हळूहळू मोठी होत जायची. २००३ साली जंगलजेटी, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली, गाड्या थेट पलीकडे जायला लागल्या, चिपळूणचा वळसा वाचला. चांगलंच झालं. आमच्यापुरती तर मात्र तिथेच संपली.

हे सगळं मी २०११ मध्ये लिहिलं आणि लेखाला नाव दिलं 'पैलतीर'. कुणी वाचलं नाही. पाच वर्षांनी एका मैत्रिणीनं विचारलं, 'अगं, ज्याला हे वाचायचंय तो गूगलवर पैलतीर कशाला शोधेल?' त्याच दिवशी नाव बदलून 'दाभोळ-धोपावे तर' केलं. लेखात दोन्ही गावांची, खाडीची, तालुक्यांची नावं नीट घातली. लोक मराठीसुद्धा रोमन अक्षरांत शोधतात, म्हणून लेखाच्या इंटरनेटवरच्या पत्त्यात तीही अक्षरं घातली असती तर बरं झालं असतं, पण लेखाचा पत्ता मागाहून बदलणं मला धोक्याचं वाटलं.

२०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री त्या लेखाखाली प्रतिक्रिया आली. लिहिणारा आखातात नोकरीला होता. त्याचे आजोबा त्याच तरीवर होते. माझ्या लेखातला तांडेल तेच की दुसरे कुणी, हे त्यालाही सांगता येईना आणि मलाही. पण त्यानं एक चूक दाखवली. 'ताई, ओहोटीला किनाऱ्यालगत वल्हं मारत नसत. लांब बांबू गाळात रोवून रेटायचे. आजोबांच्या तळहाताला त्याचेच घट्टे होते.'

मी ते वाक्य चारपाच वेळा वाचलं. मग लेखात दुरुस्ती केली आणि खाली त्याचे आभार मानले. आठ वर्षं पडून राहिलेल्या लेखाला नेमका तो एक माणूस भेटला, ज्याच्यासाठी तो लिहिला जायला हवा होता. दोन दिवसांत खाली गेलेल्या पोस्टला तो कुठून भेटणार?

म्हणून इथे सुंदर लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आजोळ, गिरणी, वाडीतली जत्रा, बंद पडलेली शाळा यांवर जे लिहिता, त्याची एक प्रत ब्लॉगवर ठेवा. गावाचं नाव मथळ्यात घाला. रोज आकडे बघू नका, त्यानं हात आखडतो. मी दोन वर्षं त्या पायी काहीच लिहिलं नव्हतं. आणि वाचणाऱ्यांनो, आवडलं तर अंगठ्यावर भागवू नका. दोन ओळी लिहा, चूक असेल तर तीही सांगा. बांबूची ती ओळ मला शंभर अंगठ्यांपेक्षा मोठी आहे.

आता त्याच लेखाचा दुसरा भाग लिहायला घेतलाय. संध्याकाळची शेवटची तर कितीला सुटायची, भाडं किती होतं, पावसाळ्यात किती दिवस बंद असायची, हे मला पक्कं आठवत नाही आणि आई आता सांगायला नाही. धोपाव्याच्या किंवा दाभोळच्या कुणाच्या घरात म्हातारं माणूस असेल तर विचारून सांगाल का? त्या तरीचा एखादा जुना फोटो कुणाच्या ट्रंकेत असेल तर तोही हवाय, कितीही पुसट असला तरी चालेल.