निमूट आणि गुपचूप

दर मंगळवारी सकाळी मी बर्मिंगहॅमजवळच्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये डब्यांवर साल लिहीत उभा असतो. बीन्स, टोमॅटो, ट्यूना. ज्याची तारीख आधी संपते तो डबा पुढे, बाकीचे मागे. जाड मार्करने झाकणावर साल टाकलं की घाईत चूक होत नाही. हे फूड बँकेचं काम. २००० साली सॉल्झबरीत एका ख्रिस्ती जोडप्याने परसातल्या शेडमध्ये आणि गॅरेजात हे सुरू केलं, आता ते देशभर पसरलंय. दवाखाना, शाळा किंवा सल्ला केंद्र गरजूला चिठ्ठी देतं, ती दाखवली की तीन दिवसांचा शिधा मिळतो. ज्याच्याकडे शेगडीच नाही त्याच्यासाठी वेगळं खोकं असतं, नुसत्या उकळत्या पाण्यावर भागेल असं. सूपची पाकिटं, नूडल्स, ओट्स. हे खोकं भरताना हात जरा रेंगाळतो.

माझ्या जोडीला ऐंशीच्या घरातल्या दोन बायका. रविवारी उपासनेला इथे जेमतेम पंचवीस माणसं जमतात, पण या दोघींनी येणाऱ्या कुणाला कधी ‘चर्चला येता का?’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. चहात साखर किती, एवढंच विचारतात.

घरी येऊन फोन उघडला की दुसरंच जग. मी नगरकडचा, चौथ्या पिढीतला मराठी ख्रिस्ती. भेटल्यावर ‘सलाम’ म्हणणारं आमचं घर. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्मांतरबंदी कायद्याचा विषय निघाला की कुणीतरी टाकतंच, ‘तांदळाच्या पोत्यामागे बायबल असतं.’ मग आमची भावंडं यादी काढतात. मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी दवाखाना उभा केला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात पोरक्या मुलींना उचलून केडगावला आणलं. ही यादी मीही कित्येकदा चिकटवली आहे. खोटं काहीच नाही तीत.

तरी अलीकडे ती चिकटवताना लाज वाटते. दानधर्म करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं आमच्या शास्त्रात लिहिलंय. आणि आम्ही सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी केलेल्या सेवेची पावती फडकवतोय. शिवाय यादीत जे गाळलं जातं तेही मला ठाऊक आहे. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेत, मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा गवगवा झाला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही माणसं काही द्वेष्टी नव्हती. मिशनऱ्यांच्या मायदेशी जाणाऱ्या अहवालांतही रुग्णांच्या आकड्यांशेजारी बाप्तिस्म्याचे आकडे असत. म्हणजे शंका अगदीच हवेतून आली असं आपल्याला म्हणता येत नाही.

पण मग त्या दोन बायकांकडे पाहून ‘बघा, खरी सेवा अशी असते’ असं गावाकडच्या मंडळींना सांगायचं का? इथेच माझी गाडी अडते. इथला राजा चर्चचा प्रमुख, संसदेच्या वरिष्ठ सभागृहात सव्वीस बिशप बसतात. अशा देशात चर्चने मुकाट्याने डबे वाटले तर हेतू कोण विचारणार? शेगावच्या महाप्रसादाच्या पंगतीत तरी कोण विचारतं? तिथले सेवेकरी ज्या निमूटपणे वाढतात त्याला आपण सगळेच हात जोडतो, आणि जोडावेतच. बहुसंख्यांचा निमूटपणा नम्रता ठरतो. अल्पसंख्याने तेच केलं की त्याला म्हणतात, ‘गुपचूप चाललंय.’ मराठीत हे दोन शब्द किती जवळ आहेत, आणि पोलीस ठाण्यात किती लांब!

स्वतंत्र भारतात ओडिशाने १९६७ साली पहिला धर्मांतरबंदी कायदा केला, तेव्हापासून ‘आमिष’ हा शब्द राज्याराज्यांत फिरतोय. नुसती भेटवस्तूही त्यात बसू शकते. फसवून धर्म बदलवणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्या खेड्यात पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवते, तिथे त्या लाडवांचा हेतू कोण तपासणार आणि कसा? आमच्या मराठी बायबलात देवाला ‘गुप्तदर्शी’ म्हटलंय, झाकलेलं पाहणारा. ते काम तालुक्याच्या कचेरीला जमेल असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. तो गावच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, सेक्रेटरी. म्हणाला, “दादा, तुमच्या त्या फूड बँकेचे चार फोटो पाठव ना. वार्षिक अंकात टाकतो. सगळ्या धर्माची माणसं रांगेत दिसली पाहिजेत.”

म्हटलं, “अरे, इथे फोटो काढत नाहीत. माणसं ओशाळतात.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्हाला चालतं रे. आम्ही काय दाखवायचं?”

मी विषय बदलून काकूच्या गुडघ्यांची चौकशी केली.